व्याह्यांचा मूळपुरुष

मुलाच्या लग्नात आमचे अमेरिकन व्याही आणि माझे हे पहिल्यांदा शेजारी बसले, तेव्हा दोघांना बोलायला एकच विषय सापडला: पार्किंग. लंडनच्या पिनर भागातला तो हॉल छान होता, पण पार्किंग खरंच वाईट होतं, आणि दोघांनी तो विषय ताटं येईपर्यंत पुरवून पुरवून वापरला. हे ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर, मुळात अबोल. व्याही मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावातले डेंटिस्ट. उंच, रुंद माणूस, पण आवाज इतका हलका की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. बोलायचं काम विहीणबाई करायच्या. त्या आणि मी तासाभरात मुलांच्या लहानपणच्या आजारपणांपर्यंत पोचलो होतो.

जेवताना ह्यांनी त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला. सुनेचे वडील आणि मुलाचे वडील यांच्या नात्याला इंग्रजीत नावच नाही, हे व्याह्यांच्या तोपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का, आम्ही एकमेकांचे कोणीतरी लागतो."

पुढे दोनेक वर्षांनी विहीणबाई अचानक गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात व्याह्यांचा फोन आला. आधी पिनरला लेकीकडे राहणार होते, आणि मग, आमची हरकत नसेल तर, आमच्याकडे. "सॉमरसेटमध्ये एक गाव बघायचंय," ते म्हणाले. "माझी माणसं तिथून निघाली."

"घेऊन जाईन की," हे म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून खांदे उडवले. "व्याह्याला नाही कसं म्हणणार? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्या एका दिवसाची पुढे काही वर्षं झाली. आमच्या इथल्या चाळीस वर्षांतली सगळ्यात आनंदाची वर्षं कोणती असं मला कुणी विचारलं, तर मुलाच्या लहानपणाच्या खालोखाल मी त्यांचंच नाव घेईन.

व्याही आले ते एक जाड फाइल घेऊन. चहा झाल्यावर त्यांनी ती आमच्या डायनिंग टेबलवर उघडली. दवाखान्याला सुट्टी असेल तेव्हा गावोगावच्या टाउन हॉलमध्ये बसून त्यांनी ते सगळं जमवलं होतं. जन्ममृत्यूची रजिस्टर, जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, चर्चच्या सभासदांच्या नोंदी. ते आपल्या वडिलांपासून सुरुवात करून एकेक माणूस मागे जायचे, आणि प्रत्येकाला एक कागद होता. एका विधवेने थोरल्या मुलीला लोखंडी पातेलं ठेवलं होतं आणि धाकटीला 'बरी असलेली' पेटी. एका भावाने दुसऱ्याची डुकरं आपल्या शेतात शिरतात म्हणून गावच्या सभेत तक्रार केली होती. ते वाचून व्याही हसले, जणू डुकरं कालच शिरली होती. असं मागे जात जात ते थांबले तो माणूस जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी जहाजातून तिकडे उतरलेला.

"म्हणजे तुमचा मूळपुरुष," मी म्हटलं. हाही शब्द त्यांना समजावून सांगावा लागला.

समुद्राच्या ह्या बाजूला मात्र त्यांच्याकडे एकच नोंद होती. सॉमरसेटमधल्या एका गावच्या चर्चमध्ये त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाल्याची. ह्या गावाचं नाव त्यांच्या आईला तिच्या सासूने सांगितलेलं.

ह्यांनी फाइलवरून चष्मा वर केला. "हा मुलगा म्हणजेच तो माणूस, हे कशावरून?"

"नाव जुळतं. वय जुळतं. आणि आई सांगायची."

"अच्छा," हे म्हणाले.

ह्यांचं 'अच्छा' मला चांगलं माहीत होतं. नोकरीभर ह्यांनी दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासली. विमानाच्या पंखातला प्रत्येक बोल्ट कुणीतरी आधी मोजलेला असतो आणि कुणीतरी परत मोजतो. तो परत मोजणारा माणूस माझ्या घरात होता. मीठ जास्त झालंय का असं विचारलं तरी दोन घास परत खाऊन मग उत्तर द्यायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावाला गेलो. सफरचंदांच्या बागांमधून जाणारा अरुंद रस्ता, शेवटी पंधरावीस घरं, एक बंद पडलेला पब आणि चर्च. किल्ली सांभाळणाऱ्या बाई रबरी बूट घालून आल्या. "अमेरिकन?" त्यांनी विचारलं, आणि व्याह्यांबरोबर आम्हालाही त्यात धरून सगळ्यांना चहा विचारला. व्याही अंगणातल्या थडग्यांवरून वाकून वाकून फिरत होते. बाईंनी त्यांना हलकेच सांगितलं, की इतकं जुनं काही मिळायचं नाही. त्या काळी साध्या माणसांवर दगड ठेवायची पद्धत नव्हती. असतील ते इथेच, पण कुठे ते गवतालाच माहीत.

"पण हे मात्र तेच आहे," म्हणत त्यांनी आत दाराजवळचं दगडी कुंड दाखवलं. त्यात पाणी भरून बाप्तिस्मा करतात. आठ कोनांचं, काठ झिजलेला. व्याह्यांनी आपला मोठा पंजा त्या कोरड्या कुंडात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा हे घाईघाईने छताच्या तुळया बघायला लागले. मला मात्र वाटलं, ही रडण्याची जागा त्यांनी बरी शोधली. विहीणबाईंसाठी त्यांनी अजून कुठे रडून घेतलंय असं मला वाटत नव्हतं.

बाहेर बाकावर बसून आम्ही फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. तेव्हा हे म्हणाले, "काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला जायचं का उद्या? आलोच आहोत तर मूळ नोंद बघून घेऊ."

मी त्या ऑफिसात एकदाच गेले आणि कंटाळून परत आले. लॉकरमध्ये पर्स ठेवायची, पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. जुनी पानं उशीवर ठेवून पाहायची, मोठ्याने बोलायचं नाही. ह्या दोघांना मात्र शाळेत दाखल झाल्यासारखं वाटलं. मोटरवेने तासभर जायचं, दिवसभर बसायचं, परत यायचं. जुनं हस्ताक्षर ह्यांना सुरुवातीला मुळीच लागेना. मग एका संध्याकाळी खुशीत घरी आले. "अगं, ही ह्यांची मोडी आहे! माझ्या आजोबांचं पत्र कसं, लेखणी उचलायचीच नाही, तसंच. एकेक अक्षर वाचायला गेलं की अडतं. सबंध ओळ डोळ्यांखालून जाऊ द्यायची." आणि व्याह्यांना ते कागदावर गिरवून दाखवायला लागले. व्याह्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांची पत्रं आहेत तुमच्याकडे?" हे म्हणाले, "छे. घर बदलताना गेली कुठेतरी." आणि पुन्हा त्या सॉमरसेटच्या अक्षरांकडे वळले.

व्याही परत गेले, पण ह्यांचं जाणं चालूच राहिलं. दर बुधवारी सकाळी फ्लास्क भरायचा, डबा घ्यायचा आणि निघायचं. संध्याकाळी आले की मला बातम्या. गावात त्या साली रोगाची साथ आली होती. अमक्याने तमक्याची भिंत पाडली. बाप्तिस्मा झालेल्या त्या मुलाचा बाप चर्चची घंटा दुरुस्त करायच्या कामावर होता. रिटायर झाल्यापासून हे घरात सोफ्याला चिकटून गेल्यासारखे झाले होते. आता जेवताना सांगता सांगता घास हातात तसाच राहायचा. आणि रविवारी दुपारी, व्याह्यांकडे सकाळ असताना, व्हिडिओ कॉल. ज्या दोघांना लग्नात पार्किंगपलीकडे बोलता आलं नव्हतं ते तास तास बोलायचे. मी कणीक मळता मळता ऐकायचे. त्या मुलाचा उल्लेख दोघंही 'आपला मुलगा' असा करायचे. 'आपल्या मुलाच्या' शेजारचं घर, 'आपल्या मुलाची' आई.

दुसऱ्या हिवाळ्यातला एक बुधवार. मी किचनच्या खिडकीतून पाहिलं, तर गाडी दारात येऊन थांबलेली आणि हे आतच बसलेले. वायपर चालू, पाऊस बारीक. पाच मिनिटं झाली तरी उतरेनात, तेव्हा मी छत्री घेऊन गेले आणि काचेवर टकटक केलं.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. "मुलगा गेला गं."

मी गाडीचं दार ओढून उघडलं. "कोण मुलगा?"

"आपला. गावातला." मग माझा चेहरा बघून घाबरले. "अगं नाही, नाही. तो चर्चमधला. व्याह्यांचा."

मी आधी त्यांना भरपूर बोलले. मग आत नेऊन चहा दिला, आणि त्यांनी नीट सांगितलं. त्या काळी प्रत्येक चर्चने वर्षातून एकदा आपल्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची असा नियम होता. गावच्या मूळ रजिस्टरातली त्या वर्षांची दफनाची पानं ओलीने कुजून गेली होती, त्यामुळे आजवर कुणी ती वाचली नव्हती. ह्यांनी बिशपच्या नकला मागवल्या. हव्या त्या वर्षाची नक्कल दुसऱ्याच गावच्या गठ्ठ्यात लागलेली होती, ती आज सापडली. त्यात त्या मुलाचं नाव होतं, बापाचं नाव होतं, बाप घंटेचं काम करणारा असंही होतं. बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षंही झाली नव्हती. थंडीतच पुरलं होतं.

म्हणजे तो जहाजात कधी चढलाच नाही. अमेरिकेत उतरलेला माणूस त्याच नावाचा दुसराच कुणीतरी होता. व्याह्यांनी कुंडात हात ठेवला होता तो एका परक्या मुलाच्या.

"दीड वर्ष दर बुधवारी भेटत होता," हे म्हणाले. "मला वाटत होतं, आता मोठा होईल, आता बंदरावर जाईल."

चारशे वर्षांपूर्वीच्या पोरासाठी माझा नवरा समोरचा चहा गार होऊ देत बसला होता, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

प्रश्न पुढचा होता. व्याह्यांनी त्या उन्हाळ्यात सगळ्या कुटुंबाला गावात आणायचं ठरवलं होतं. भाऊ, पुतणे, चुलत बहिणी, आमची सून आणि मुलगा. त्यांनी घराण्याचं एक पुस्तकही छापायला तयार केलं होतं. पहिल्या पानावर त्या कुंडाचा फोटो.

"सांगून टाका," मी म्हटलं.

"थांब. खात्री करू दे."

"खात्री झाली आहे ना?"

"मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे त्या काळात. तसा दुसरा असेल तर?"

आता हे बुधवारी जायचे ते शुक्रवारीही जायला लागले. दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा त्या गावात नव्हता. शेजारच्या गावांत नव्हता. त्यांच्या शेजारच्या गावांतही नव्हता. रविवारच्या कॉलवर हे हवापाण्याचं बोलायचे, आणि व्याही तिकडून उत्साहाने सांगायचे, कोण कोण येणार, हॉटेल कुठलं घ्यावं.

मी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर होते. ऑपरेशननंतर बाहेर थांबलेल्या माणसांना काय सांगायचं, कसं सांगायचं, हे मी नवशिक्या डॉक्टरांना शिकवलं आहे. एका रविवारी ह्यांच्यासमोर बसून तेच सांगितलं. "फिरवून सांगायचं नाही. आधी सांगायचं की बातमी चांगली नाही. मग एका वाक्यात बातमी. आणि त्यानंतर गप्प बसायचं. समोरचा माणूस बोलेपर्यंत गप्प. तेच सगळ्यात अवघड असतं."

"तू बसशील ना इथे?"

"बसेन."

ह्यांनी तसंच केलं. "बातमी चांगली नाही," म्हणाले, "आपला मुलगा लहानपणीच वारला. मी नोंद पाहिली." आणि थांबले. स्क्रीनवर व्याही हलले नाहीत. त्यांच्या मागे त्यांच्या किचनचं घड्याळ दिसत होतं. ह्यांनी दोनदा तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.

शेवटी व्याह्यांनी विचारलं, "किती वर्षांचा होता?"

"तीनचाही नव्हता."

"महिना कुठला?"

"फेब्रुवारी."

"थंडी असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "तपासलंत, ते बरं केलंत." आणि कॉल बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे मात्र वेळ झाली की टॅब्लेट समोर उभा करून बसायचे, पेपर वाचतोय असं दाखवत. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर म्हणाले, "नको. दार त्यांनी लावलंय, त्यांनाच उघडू दे." शेवटी पिनरहून सुनेचा फोन आला. तिचं मराठी मोजक्या शब्दांचं. राग आला, वाईट वाटलं की हटकून मराठीत शिरते. "बाबा, डॅड रागावली नाही. त्याला लाज वाटते. सगळ्या कझिन्सना सांगितलं होता ना. तो रोज पोर्च रंगवतो. एकच पोर्च."

"एकच पोर्च रोज?" ह्यांनी विचारलं.

"हो. मग स्क्रेप करतो."

हे हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ बागेत जाऊन उभे राहिले.

जूनमध्ये व्याही आले. भाऊ, पुतणे, बहिणी, सगळ्यांचं येणं त्यांनी रद्द केलं होतं. स्वतःचं केलं नव्हतं. ब्रिस्टलच्या स्टेशनवर हे त्यांना आणायला गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "पार्किंग बदललंय म्हणाले," हे म्हणाले. पण चेहरा खुलला होता.

रात्रीच्या जेवणाला मी मुद्दाम व्याह्यांना आवडणारं भरलं वांगं केलं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी स्वतःच विषय काढला. "उद्या गावाला जाऊ या का?"

"आता तिथे..." हे अडखळले.

"माहीत आहे. तो माझा नाही. पण इतकी वर्षं मी त्याला ओळखतोय. तो माझा नाही हा काही त्याचा दोष नव्हे." आणि थोड्या वेळाने, "त्याचं तिथे कोणी नाही. पुढेही कोणी झालं नाही. तो तिथेच थांबला."

पुन्हा तोच अरुंद रस्ता. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. किल्लीवाल्या बाईंनी ओळखलं. लहान मुलांना कुठे पुरत असतील असं व्याह्यांनी विचारलं, तर त्यांनी खरंच माहीत नाही म्हणून सांगितलं, पण मग भिंतीकडचा एक उन्हाचा तुकडा दाखवून म्हणाल्या, "मी असते तर इथे ठेवलं असतं." आणि आम्हाला तिथे सोडून गेल्या.

तिघंही उभे होतो. काय करायचं ते कुणालाच कळेना. व्याह्यांनी फुलं आणली नव्हती, प्रार्थना त्यांना येत नव्हत्या. चर्चमध्ये ते बायकोबरोबर जायचे तेवढंच.

तेवढ्यात हे बोलायला लागले, आणि मी चकितच झाले, कारण देवाधर्माच्या गोष्टी हे कधी काढत नसत. सासऱ्यांचं श्राद्ध आम्ही इथे करायचो तेही तिथीला जवळचा शनिवार धरून. ह्यांनी व्याह्यांना सांगितलं, की आमच्यात पितरांना पाणी देतात. वडील, आजोबा, पणजोबा, एवढ्यांची नावं घ्यायची. त्यापलीकडची नावं माणसाला आठवतीलच अशी सक्ती नाही. आणि सगळ्यांचं झालं की शेवटी थोडं पाणी, ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी. ज्यांना मूलबाळ झालं नाही, जे लहानपणी गेले, ज्यांचं नाव घ्यायला मागे कोणी उरलं नाही.

व्याह्यांनी विचारलं, "ते पाणी कोणीही दिलं तर चालतं?"

हे विचारात पडले. "मला माहीत नाही. विचारायला इथे कोणी नाही." मग म्हणाले, "चालत असावं. नाहीतर त्यांना देणार कोण?"

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ह्यांनी व्याह्यांचा उजवा हात धरून पालथा-उताणा करून दाखवला: बोटांवरून नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं. मी बाटली तिरपी धरली. त्या मोठ्या पंजात पाणी साठलं आणि हळूहळू गवतावर ओघळलं. व्याह्यांनी त्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं, आपल्या नेहमीच्या हलक्या आवाजात नव्हे तर चांगलं मोठ्याने, मुलाला अंगणातून आत बोलवावं तसं.

मग हात पँटला पुसत म्हणाले, "आणखी एकदा देता येतं का?" त्यांनी विहीणबाईंचं नाव घेतलं. तिला मुलगी आहे, मी आहे, पण तरी, असं काहीसं पुटपुटले. त्यानंतर हे पुढे झाले आणि स्वतःच्या आईवडिलांसाठी त्यांनी पाणी सोडलं. सॉमरसेटमधल्या त्या गवतात कोण कोण पाणी पिऊन गेलं त्या दुपारी!

पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. व्याह्यांनी पहिलं पान बदललं होतं. मूळपुरुषाच्या नावाखाली लिहिलं होतं, की हा कुठून आला ते आम्हाला माहीत नाही. कुंडाचा फोटो मात्र ठेवला होता, शेवटच्या पानावर, त्या मुलाच्या नावासकट. ह्यांना ते पटलं नाही. "पुरावा नसताना फोटो कशाला?" असं म्हणाले. पण घरी कोणी आलं की प्रत काढून तेच पान उघडून दाखवायचे.

खरा मूळपुरुष दोघांनी पुढेही शोधला. डॉर्सेटमध्ये एक सापडल्यासारखा वाटला, त्याचं लग्न इथेच झालेलं निघालं. डेव्हनमधला एक म्हातारा होऊन वारला. प्रत्येक वेळी हे हळहळायचे आणि लगेच पुढच्याच्या मागे लागायचे. मला वाटतं, तो सापडू नये असंच दोघांना वाटत असावं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये हे गेले. झोपेतच. व्याही पहिल्या विमानाने आले आणि राहिले. बोलले थोडंच. घराच्या पन्हाळी साफ केल्या, बागेतलं फाटक बसवलं, ह्यांच्या बुधवारच्या फायली तारखेप्रमाणे लावून खोक्यांत भरल्या. जाताना मला म्हणाले, "रविवारी फोन करीन. चालेल ना?"

आता रविवारी दुपारी आम्ही दोघं बोलतो. आधी गुडघे, मग हवा, मग पिनरची बातमी: नातीला दात आले, ते पुढे वाकडे होणार की सरळ हे आजोबांनी स्क्रीनवरच ठरवून टाकलं. मग ते कागद पुढे ओढतात. कारण आता त्यांनी आमची बाजू लिहायला घेतली आहे. म्हणतात, नातीच्या वंशाचं झाड एका अंगाला वाढलंय, दुसऱ्या अंगाला नुसता बुंधा.

कागद आमच्याकडे नाहीतच, मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. मग मी सांगते. सासरे वाईला प्राथमिक शाळेत मास्तर होते, सायकलवरून जायचे आणि उताराला दोन्ही पाय वर घ्यायचे. सासूबाई चहात आलं किसून नाही, ठेचून घालायच्या. व्याही सगळं लिहून घेतात, ठेचण्यासकट. मध्येच थांबवून स्पेलिंग विचारतात.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, सासूबाई लग्नाआधी कुठल्या? आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून मला त्यांचं माहेर नीट ठाऊक नाही! सोमवारी सकाळी मी साताऱ्याला नणंदेला फोन लावला. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं.

"वन्सं, सासूबाईंचं माहेर कुठलं?"

"काय म्हणतेस? कोण आहेर?"

"माहेर! सासूबाईंचं माहेर!"

"पसरणीचं गं. का, आता काय नवीन काढलंस?" मी सांगितलं, की व्याही लिहून घेताहेत, अमेरिकेतले. पलीकडे त्या खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"मग नीट लिहून घ्यायला सांग त्यांना," वन्सं म्हणाल्या. "आईच्या आजोबांपासून सुरुवात कर. तुला पेन्सिल सापडली का?"